‘तार ते तार’ म्हणणाऱ्यांना

बुलढाणा जिल्ह्यात सप्ताहाच्या मंडपात विणेची तार तुटली की एक वाक्य हमखास कानावर पडतं : “तार ते तार असते बापा, तिच्यात काय पाह्याचं!” मग कुणी मोटारसायकलच्या जुन्या क्लच-वायरचा एक पदर सोडवून आणतो, कुणी बांधकामावरची बायंडिंग वायर, तर कुणी तालुक्याच्या दुकानातून हाती लागेल तो सतारीचा संच. तार चढते, खुंटी पिळली जाते, विणेकरी उभा राहतो आणि पहारा पुढे सुरू होतो. पहारा खंडला नाही याचं समाधान खरं आहे, त्याला कुणी नावं ठेवू नयेत. पण त्या वाक्याला मात्र उत्तर द्यायलाच हवं. अडल्या वेळेचा तोडगा म्हणून ते निघालं असेल. आता ती बारमाही रीत होऊन बसली आहे. तुटलेल्या तारेच्या जागी एका रात्रीपुरती लावलेली वायर पुढच्या वर्षीच्या सप्ताहापर्यंत तशीच राहते आणि वीणा बेसूर असते हेच लोक गृहीत धरू लागतात.

वारकऱ्यांच्या वाद्यांत विणेचा मान सगळ्यात मोठा. दिंडीत टाळकरी कितीही असोत, अभंग कोणता घ्यायचा आणि कुठे थांबायचं हे विणेकरी ठरवतो. अखंड सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकू देत नाहीत. पहारा बदलताना देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, मग वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. गावात ज्याच्याशी बोलणं नाही त्याच्या हातूनही ती नमस्कार करूनच घ्यावी लागते. इतका मान असलेल्या वाद्याच्या भोपळ्याला हार असतो, दांडीला बुक्का-अष्टगंध असतो, खोळ रेशमी असते. तार कोणती आहे, केव्हा बदलली, हे विचारलं तर मंडळाच्या अध्यक्षांपासून चोपदारापर्यंत कुणालाच सांगता येत नाही.

त्याच मंडपात मृदंगाचं काय चालतं ते पाहावं. कीर्तन नऊला असेल तर मृदंगी आठलाच येऊन बसतो. कणीक मळतो, धुमेला लावतो, थाप देऊन ऐकतो, चिमूटभर काढतो, पुन्हा लावतो. चाट चढवायला गट्ट्यांवर हातोडी मारतो, पेटीवाल्याकडून सूर मागतो, मान हलवतो आणि आणखी एक ठोका देतो. त्याला कुणी म्हणत नाही की कातडं ते कातडं, त्यात काय पाहायचं. उलट ही अर्ध्या तासाची खटपट कीर्तनाचाच भाग आहे असं मानून लोक शांतपणे बसून राहतात. मृदंगाला जो न्याय, तो विणेला का नसावा?

याला एक उत्तर ठरलेलं असतं : टाळ-मृदंगाच्या गजरात वीणा ऐकू येते कुठे? गजरात ती बुडते, हे कबूल. पण सप्ताह म्हणजे चोवीस तास गजर नव्हे. पहाटे चारला काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथ्यावरचं भजन, सांजेला हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन आणि त्यानंतर जागर. जागर ओसरला की काकड्यापर्यंत जो मधला वेळ उरतो, तो विणेचा असतो. मार्गशीर्षात चिखली किंवा मेहकर तालुक्यातल्या कुठल्याही गावात पहाटे तीनला मंडपात जाऊन उभं राहावं. सतरंजीवर माणसं घोंगडी-चादरी ओढून निजलेली असतात. समईची वात कुणीतरी नुकतीच पुढे सारलेली असते. मृदंग खोळीत, टाळ पिशवीत. शाल पांघरलेला एक माणूस फोटोसमोर उभा राहून पुटपुटल्यासारखं नाम घेत असतो आणि त्याचं बोट चार तारांवरून एका लयीत फिरत असतं. त्या थंडीत, त्या शांततेत वीणा गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जाते. खर्जाच्या जागी बांधकामाची वायर असेल तर दर फेऱ्यात चौथ्या तारेला पत्रा वाजल्यासारखा आवाज होतो, आणि नाम घेणारा सूर सोडून आपोआप नुसतं बोलायला लागतो. वीणा कुणाला ऐकू येते, या प्रश्नाचं उत्तर हा माणूस आहे. रात्री दोन ते चारचा पहारा अंगावर घेणाऱ्याला तरी लागलेली वीणा मिळायला हवी.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे तार ती तार का नसते याकडे. विणेच्या किंवा तंबोऱ्याच्या चार तारांत निदान दोन धातू असतात. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या म्हणजे षड्जाच्या, आणि शेवटची खर्जाची, जोडाच्या एक सप्तक खाली. जोडाच्या तारा पोलादी असतात. खर्जाची तार पितळी किंवा ब्राँझची असते, आणि पुरुषी पट्टीच्या तंबोऱ्यात पुष्कळदा पंचमही तशीच घेतात. हे रंगासाठी केलेलं नाही. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो : वाजणारी लांबी, ताण आणि तारेचं दर वीतभर वजन. मेर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १६३६ मध्ये हा नियम छापून ठेवला, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून वाद्यं करणारे तो हातानेच पाळत होते. लांबी तीच, ताणही साधारण तोच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं तर तारेचं वजन चौपट हवं. एकाच धातूत चौपट वजन म्हणजे दुप्पट जाडी. पोलाद दुप्पट जाड केलं की ते तारेसारखं न वागता काडीसारखं ताठ वागायला लागतं, त्याच्या आतले वरचे सूर चढे निघतात आणि खर्ज खणखणतो, घुमत नाही. ब्राँझचा ताठरपणा पोलादाच्या जवळपास निम्मा आणि त्याच जाडीला वजन सुमारे आठव्या हिश्शाने जास्त. म्हणून खर्जाला ब्राँझ. ज्याला हा हिशेब ठाऊक नाही त्यालाही तो ऐकू येतो.

हीच अडचण जगात सगळीकडे आहे आणि सगळीकडे तिच्यावर डोकं लावलेलं आहे. चेलो नावाचं पाश्चात्त्य गजवाद्य घ्या. त्याच्याही चार तारा, वाजणारी लांबी सत्तर सेंटिमीटरच्या आसपास, आणि सगळ्यात खालची तार विणेच्या खर्जाच्या परिसरातच बोलते. कित्येक चेलोवादक चार तारा एका कंपनीच्या घेतच नाहीत. वरच्या दोन डेन्मार्कच्या लार्सेनच्या आणि खालच्या दोन व्हिएन्नाच्या थोमास्टिकच्या ‘स्पिरोकोर’, ही जोडणी त्यांच्यात सर्रास चालते. खालच्या तारांना वरून टंगस्टनचा वेढा असतो. टंगस्टन पोलादाच्या जवळपास अडीचपट जड, म्हणून तार बारीक राहूनही भारी होते. तिथला वादक एका तारेसाठी वर्षभर कंपन्या बदलत राहतो, एक नवी तार तीन जुन्या तारांत उपरी वाटते म्हणून तक्रार करतो, आणि त्याला कुणी वेडा म्हणत नाही. मंडपातल्या विणेकऱ्याने खर्जाला ब्राँझची तार मागितली तर तो मात्र नखरे करणारा ठरतो.

यापुढचं म्हणणं जास्त ठाम असतं आणि जास्त नुकसान करतं : “बारीक तार तुटते, जाड लावा, टिकते.” ऐकायला पटणारं आहे, कारण दोरीच्या बाबतीत ते खरं असतं. दोरीला भार बाहेरून येतो. बादली तेवढीच, दोरी जाड, म्हणून टिकते. तारेला भार बाहेरून येत नाही, तो सुरातून येतो. जाड तार त्याच सुरावर आणायची तर तिला तितकंच जास्त ओढावं लागतं. एक हिशेब करून पाहू. विणेची वाजणारी लांबी ७५ सेंटिमीटर आणि जोडाचा षड्ज काळी तीन असेल, तर ०.३० मिलिमीटरच्या पोलादी तारेला सव्वाचार किलोच्या आसपास ओढ लागते. तिच्या जागी ०.४५ ची तार लावली की त्याच सुराला पावणेदहा किलो लागतात. तारेच्या दर चौरस मिलिमीटरवर येणारा ताण दोन्हीकडे अगदी सारखा राहतो, साठ किलोच्या आसपास. म्हणजे जाड तार तुटण्यापासून मुळीच जास्त लांब नाही. गंज आणि नखाचे घाव ती थोडे जास्त दिवस सोसते, एवढंच तिच्या बाजूने म्हणता येईल. आणि वाद्यावर मात्र त्या एका तारेची ओढ सव्वादोन पट झाली. जोडाच्या दोन्ही तारा अशा लावल्या तर साडेआठ किलोच्या जागी साडेएकोणीस. तो भार घोडीवरून तबलीवर येतो, दांडीला वाकवू पाहतो, खुंटी मागे फिरवतो. तबली खचलेली, घोडी पुढे सरकलेली, दांडीच्या सांध्याला फट पडलेली अशी वीणा गावच्या देवळात दिसली की लोक म्हणतात, वीणा जुनी झाली. तारांनी ती अकाली म्हातारी केलेली असते.

तुटणं ठरतं ते धातूवर आणि पट्टीवर. पियानोसाठी ओढलेली कडक पोलादी तार दर चौरस मिलिमीटरला दोनशे किलोच्या वर ताण सहन करते, म्हणून साठ किलोला ती निवांत असते. बांधकामाची बायंडिंग वायर मुद्दाम तापवून मऊ केलेली असते, कारण तिला पकडीने पिळायचं असतं. ती साठाच्या निम्म्यावरच लांबायला लागते. म्हणून ती लावलेली वीणा दर दहा मिनिटांनी उतरते, विणेकरी खुंटी पिळत राहतो आणि शेवटी तार जाते. क्लच-वायरचा पदर कडक असतो, पण तो पिळात वळलेला आणि वर जस्त चढवलेला. सरळ केला तरी त्याचा नागमोडीपणा जात नाही, जाडी सगळीकडे सारखी राहत नाही, आणि अशी तार स्वतःशीच जुळत नाही : मधोमध हलकं बोट टेकवून छेडली तर वरचा षड्ज जिथे मिळायला हवा तिथे मिळत नाही. दुकानातून आणलेली नवी तारही या एका कसोटीवर पारखून घेता येते.

पट्टीचं गणित याहून कडक आहे. काळी एकसाठी लावलेली वीणा उंच गळ्याचे महाराज आले म्हणून काळी चारला चढवली तर ताण सव्वादोन पट होतो. तार तीच, जाडी तीच. मग “परवाच टाकली होती, आज तुटली” असं म्हणून दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. उंच पट्टीला बारीक तार घ्यायची आणि पट्टी उतरवली की जाड, ही साधी गोष्ट. गोंधळ्याचं तुणतुणं एका तारेचं असतं, पण गोंधळ्याला विचारा. आपल्या गळ्याला कोणती तार चालते हे तो चिमटीत धरून सांगतो.

गोंधळ वाढवायला नंबर आहेत. खामगावात, अकोल्यात दुकानात जाऊन “तीस नंबरची तार द्या” म्हटलं की काय मिळेल याचा भरवसा नाही. ब्रिटिश मापात तीस नंबर म्हणजे ०.३१५ मिलिमीटर. अमेरिकन मापात तोच तीस नंबर ०.२५५ मिलिमीटर. एकाच सुराला या दोन तारांच्या ओढीत दीडपटीचा फरक पडतो. या दोन्ही मापांत नंबर वाढला की तार बारीक होते. पियानो-तारेच्या मापात उलटं, नंबर वाढला की तार जाड. तेव्हा नंबर सोडून द्यावा आणि मिलिमीटर मागावा. दुकानदार सांगू शकला नाही तर तारेचा तुकडा लेथवाल्याकडे न्यावा, त्याच्याकडे मायक्रोमीटर असतो. चांदीच्या पेढ्यांसाठी नाव असलेल्या खामगावात तर तारेची जाडी मोजणारे हात गल्लोगल्ली आहेत.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांशीही भांडायला हवं. हे लोक संख्येने थोडे, पण त्यांचं ऐकलं जातं. त्यांच्या मते महागाची परदेशी तार आणली की प्रश्न मिटला. जर्मनीतल्या बव्हेरियातलं रोसलाऊ हे तारेसाठी प्रसिद्ध गाव. तिथली पोलादी तार सतार-तंबोऱ्याला उत्तम लागते, गोल असते, सगळीकडे सारखी असते, यात शंका नाही. पण चुकीच्या जाडीची रोसलाऊ ही चुकीचीच तार. सतारीचा संच विणेला चढवणारे नेमकं हे विसरतात. सतारीची लांबी वेगळी, तिची बाजाची तार मध्यमाला लावायची, तिच्या जाड्या त्या कामासाठी ठरलेल्या. गावाने वर्गणीतून महागडा संच आणला आणि वीणा पूर्वीपेक्षा वाईट बोलू लागली, तर लोकांचा निष्कर्ष एकच निघतो : पाहा, तारेने काही फरक पडत नाही. म्हणजे महागाचा हट्ट शेवटी ‘तार ते तार’ म्हणणाऱ्यांच्याच पदरात माप टाकतो.

आणि तारेवर सगळं भागत नाही, घोडीही आहे. तंबोऱ्याची घोडी सपाट दिसते, पण तिच्या माथ्याला अगदी मंद उतार दिलेला असतो. तार त्या उतारावर हलकेच घासत बोलते आणि तिच्याखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा मिळाली की आवाज उघडतो. हीच जवारी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी नोबेलच्या नऊ वर्षं आधी, १९२१ मध्ये, तंबोरा आणि वीणा यांच्यावर एक निबंध लिहिला. तार जिथे छेडावी तिथे ज्यांचा स्थिर बिंदू येतो ते वरचे सूर नियमाप्रमाणे उमटायला नकोत. तंबोऱ्यात तेही ठणठणीत ऐकू येतात, आणि त्याचं कारण ही घोडी, असं त्यांनी दाखवलं. युरोपातल्या पुस्तकांना जे जमेस धरता आलं नव्हतं ते आपल्या कारागिरांनी कानसेच्या टोकावर साधलं होतं. ही जवारी एका ठरावीक जाडीच्या तारेसाठी काढलेली असते. ०.३० च्या जागी ०.४५ घातली की धागा कितीही सरकवा, ती उघडत नाही. मग कुणीतरी पॉलिश-पेपर घेऊन घोडी घासतो आणि कारागिराचं काम कायमचं पुसलं जातं.

मिरजेत एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकरांपासून ज्या घरांनी हे काम धरलं, ती घरं अजून ते करताहेत. त्यांचे पूर्वज शस्त्रं घडवणारे शिकलगार होते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा महाराष्ट्राला आनंद झाला. तिथून आणलेल्या विणेवर बायंडिंग वायर चढवताना तो आनंद आठवायला हवा. वीणा विकत घेतानाच कारागिराला दोन प्रश्न विचारले तर पुढची वीस वर्षं सोपी जातात : या घोडीला कोणत्या जाडीच्या तारा, आणि कोणत्या पट्टीसाठी?

बुलढाण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती बाहेरच्यांना कळणार नाही. या जिल्ह्याचे दोन मजले आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर वर. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर खाली पूर्णेच्या खोऱ्यात. माघ वद्य सप्तमीला, गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला, घाटावरच्या गावांमधून दिंड्या शेगावला उतरतात. पहाटे गारठ्यात लावलेली वीणा दुपारी खाली उन्हात येते. तापमान वाढलं की ब्राँझ पोलादाच्या दीडपट प्रसरण पावतं, लाकडाची दांडी त्या मानाने फारच थोडी. म्हणून चारही तारा सैल पडतात, पण खर्ज सगळ्यात जास्त उतरतो. विणेकरी म्हणतो, “खरज धरत नाही, तार खराब आहे,” आणि ती काढून पोलादी लावतो, कारण पोलादी कमी उतरेल असं त्याला वाटतं. इथे तार निर्दोष होती. तिला फक्त दोन वेळा मिळवून घ्यायची होती, एकदा घाटावर आणि एकदा घाट उतरल्यावर. ज्येष्ठात शेगावहून पंढरपूरला निघणाऱ्या पालखीबरोबर चालणाऱ्या विणेला उन्हातून पावसात असा याहून लांबचा प्रवास करावा लागतो; पावसाळी हवेत पोलादाला गंज धरतो, लाकूड फुगून खुंट्या जाम होतात. तिथे तर खोळीत कोरडं फडकं आणि रोज रात्री तारा पुसण्याची सवय, एवढ्यानेही तारेचं आयुष्य वाढतं.

शेवटचं म्हणणं सगळ्यात आदराने ऐकण्यासारखं आहे, आणि तिथेच सगळ्यात ठामपणे नाही म्हणावं लागतं. “देवाला भाव लागतो, सूर नाही.” ज्या म्हाताऱ्या माउलीला गाता येत नाही तिच्याबद्दल हे म्हटलं तर ते पूर्ण खरं आहे, तिचा सूर कुणी मोजू नये. पण मंडळाच्या पेटीत पैसे असताना, मंडपाला, साउंड सिस्टिमला, फ्लेक्सला खर्च झालेला असताना, दोन तारा न आणण्याला भावाचं नाव देणं बरोबर नाही. भाव असलेला माणूस नैवेद्याचे तांदूळ निवडून घेतो. गजानन विजय ग्रंथ ज्यांना पाठ आहे त्यांना दुसऱ्या अध्यायातला गोविंदबुवा टाकळीकरांच्या कीर्तनाचा प्रसंग आठवेल : बुवांनी पूर्वार्ध म्हटला आणि बाहेर बसलेल्या महाराजांनी त्याचा उत्तरार्ध पुरा केला. कीर्तन किती लक्षपूर्वक ऐकायचं असतं हे शेगावच्या मातीत सांगितलं गेलं आहे. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली ती याच जाणिवेने, की भक्तीलाही शिक्षण लागतं. त्या परंपरेच्या नावाने निष्काळजीपणाची पाठराखण कुणी करू नये.

मोबाइलमधल्या तानपुऱ्याचं नाव अलीकडे याच वादात येतं. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा केला आणि एकट्याने रियाझ करणाऱ्यांची मोठी सोय झाली. कीर्तनात पेटीशेजारी तो ठेवला तर बिघडत काही नाही. पण पहाऱ्याला गळ्यात वीणा हवी आणि ती बोटाने छेडायची हा नेम आहे. बोटाखालची तार बेसूर ठेवून स्पीकरमधून सूर सोडला, तर विणेकऱ्याच्या कानात दोन्ही एकदम येतात आणि त्याला ते आणखीच छळतं.

मग तार तुटली तर करायचं काय? आधी तुटलेली तार फेकू नये, ती कुठे तुटली ते पाहावं. खालच्या फासाशी तुटली असेल तर फास पिळताना तारेला मोड आली होती. वर अटीपाशी तुटली असेल तर अटीची खाच धारदार झाली आहे. नवी तार लावली तरी आठवड्यात तिथेच जाईल. खाचेवरून पेन्सिलचं शिसं फिरवलं तर तार अडकत नाही. घोडीवर तुटली आणि टोक तांबूस असेल तर गंज. तुटका तुकडा मोजून घ्यावा आणि पूर्वी कुणी चुकीची तार चढवली नसेल याची खात्री असेल तरच तेवढीच नवी आणावी. जोडाची एक गेली तर दोन्ही बदलाव्यात. एक नवी आणि एक गंजलेली सुरात मिळाली तरी आवाजात मिळत नाहीत. एकाच वेळी चारही तारा सोडू नयेत, घोडी जागची हलते. नवी तार खुंटीला नीट वेढे देऊन घ्यावी, सुराच्या थोडं खाली ठेवावी, अंगठ्याने हलकेच मधे दाबून ताणावी, पुन्हा सूर द्यावा. असं तीन-चार वेळा केलं आणि एक रात्र जाऊ दिली की ती बसते. म्हणून तारा सप्ताहाच्या आदल्या दिवशी बदलायच्या नसतात, आठवडाभर आधी बदलायच्या.

हे काम करायला मिरजेचा माणूस लागत नाही. गावातला मृदंगी करू शकतो, त्याचा कान तयार असतो. त्याने एक कागद लिहून विणेच्या खोळीत ठेवावा : वाजणारी लांबी किती, पट्टी कोणती, पंचम, जोड आणि खर्ज कोणत्या धातूचे व किती मिलिमीटरचे, आणि तारा कोणत्या तिथीला टाकल्या. त्याच कागदात दोन पोलादी आणि एक ब्राँझची जादा तार वेटोळं करून, तेलाचा पुसट हात लावून ठेवावी. यंदाच्या मार्गशीर्षात पहाटे तीनला खर्ज तुटला तर पहाऱ्यावरचा माणूस खोळीत हात घालेल, शेजारी निजलेल्याला उठवून विजेरी धरायला सांगेल, आणि काकड्याला माणसं जमेपर्यंत नव्या तारेने तिसऱ्यांदा सूर धरलेला असेल.